मंगळवार हा कमानीचा वार

ताडोबाच्या कोअर क्षेत्रातली सफारी मंगळवारी बंद असते. बाकीचे सहा दिवस सकाळ-दुपार पर्यटक घेऊन फिरणाऱ्या जिप्सींना एवढाच एक वार मोकळा मिळतो, म्हणून चंद्रपूर-मोहर्ली रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजात हा दिवस सर्वांत भरगच्च. आमचं काम कमान-पाट्यांचं, म्हणजे गाडीच्या लीफ स्प्रिंगचं. हा सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा. टिपरच्या जाडजूड कमानी बांधणारे कारागीर इथे पूर्वीपासून आहेत, आणि जिप्सीची हलकी कमान बांधायला आम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलो. मे महिन्यातल्या एका मंगळवारी आमच्याकडे काय काय घडतं, ते इथे सांगतो.

पहाटे ५.००

भट्टी आधी पेटते, शटर नंतर उघडतं. चंद्रपूरचा मे म्हणजे दुपारी पारा पंचेचाळिशीच्या पुढे. तापलेलं लोखंड हाताळायचं असेल तर ते अकराच्या आत उरकावं लागतं. भट्टी सांभाळणारे काका आमच्यात सर्वांत वडीलधारे. उमेदीची वर्षं त्यांनी टिपरच्या कमानींवर काढली. तेलाची टाकी झाकण काढून तपासणं, आत पाणी साचलेलं नाही ना हे पाहणं, वाळूची बादली जवळ आणून ठेवणं ही त्यांची पहिली कामं. तापलेला पाटा तेलात जाताना भडका उडू शकतो, म्हणून वाळू हाताशी असल्याशिवाय ते भट्टीचा पंखा सुरू करत नाहीत.

५.३०

पहिली गाडी आली. ड्रायव्हरदादा उतरता उतरताच म्हणाले, "भाऊ, गाडी मांगून पार बसून राहिली. सहा जण बसले का खड्ड्यात टायर मडगार्डाले घासते. दोन इंच वर करून द्या. एक टिपरचा पाटा टाकून देता काय?"

अशी मागणी प्रत्येक दुसरा गाडीवाला करतो. तिचं उत्तर तोंडाने देण्याआधी आम्ही टेपने शोधतो. सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारही चाकांत हवा सारखी केली. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजून खडूने मडगार्डवरच लिहिलं. मागची उजवी बाजू डावीपेक्षा चांगलीच खाली निघाली. बाजूचा हा फरक भाराने पडलेला नसतो. भाराने बसली तर दोन्हीकडे बसते. एकच बाजू खाली असेल तर आत कुठेतरी पाटा तुटलेला आहे, असं आम्ही धरून चालतो.

मग रेतीची पोती चढवली. ताडोबात एका जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड आणि एक ड्रायव्हर. माणशी ७० किलो धरले तरी ५६० किलो होतात. रिकामी जिप्सी साधारण हजार किलोची. म्हणजे गाडीच्या निम्म्याहून जास्त वजन वरून येतं, आणि त्यातलं बहुतेक मागच्या कमानींवर. पोती चढवून पुन्हा माप घेतलं. रिकामी असताना आणि भरल्यावर मागची बाजू किती बसते, ते आता आमच्यासमोर होतं. पुढचा सगळा दिवस या दोन आकड्यांवर उभा राहतो.

६.१५

जॅक लावला, चेसिसखाली घोड्या दिल्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. शिकायला आलेल्या पोराला पाना हातात मिळण्याआधी घोडी कुठे लावायची ते शिकावं लागतं.

चाकं निघाली. यू-बोल्टच्या आट्यांवर आधीच गंजतेल मारून ठेवलं होतं, तरी एक नट हलेना. तो कापला. यू-बोल्ट कापायचं दुःख नाही, कारण जुने यू-बोल्ट आम्ही परत बसवतच नाही. एकदा पुरता ताण खाल्लेला बोल्ट पुन्हा तितकीच पकड देईल याचा भरवसा नसतो. मग शॅकलच्या पिना निघाल्या, पुढच्या टोकाचा बोल्ट निघाला, आणि दोन्ही कमानी जमिनीवर आल्या.

जिप्सीच्या कमानी ॲक्सलच्या हाउसिंगच्या खालून जातात. मागच्या कमानीचं पुढचं टोक चेसिसला पक्कं असतं आणि मागचं टोक शॅकलवर झुलतं. पुढच्या कमानीत याच्या उलट: शॅकल पुढे आणि पक्कं टोक मागे. ही मांडणी नीट डोक्यात नसेल तर पुढे काय बदललं की काय बिघडतं ते कळत नाही.

७.००

कमान शिकंज्यात धरून सेंटर बोल्ट काढला. गठ्ठा सुटला, पाटे क्रमाने ओळीत मांडले. उजव्या कमानीतला तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून आडवा तुटलेला होता. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग जुना आणि काळा, अर्धा भाग ताजा आणि चकचकीत. काळा भाग म्हणजे तडा बरेच दिवस आधी पडलेला. या जागी पाटा तुटण्याचं नेहमीचं कारण एकच, सैल यू-बोल्ट. यू-बोल्टची पकड घट्ट असते तोवर भोकाच्या आसपासचा भाग वाकतच नाही. पकड सैल पडली की तोच भाग प्रत्येक धक्क्याला वाकतो, आणि भोकामुळे तो आधीच कमकुवत असतो.

बाकीचे पाटे वायर ब्रशने घासले. काकांनी एकेक पाटा सुतळीला टांगून हातोडीने हलकेच वाजवला. धड पाटा घंटेसारखा लांब वाजतो, तडा गेलेला थबकतो. कानाला जिथे शंका आली तिथे लाल रंग लावून पुसला आणि वर पांढरी पूड फवारली. तडा असेल तर तिथे लाल रेघ उमटते. मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या वेटोळ्याजवळ, रेघ उमटली नाही. मुख्य पाटा वाचला.

८.००

आता 'दोन इंच' आणि 'टिपरचा पाटा' यांचा निर्णय. ड्रायव्हरदादांना आणि गाडीच्या मालकांना बाकावर बसवून मी हे दर वेळी फरशीवर खडूने मांडतो, कारण आमचं सगळं काम या हिशेबावर चालतं.

रुंदी आणि लांबी तीच ठेवून जाडी वाढवली, तर पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५ मिमीच्या जागी ६ मिमीचा पाटा टाकला की ताठपणा १.७ पट होतो. ८ मिमीचा टाकला तर चौपट. म्हणजे टिपरचा एक जाड पाटा घातला की चार पातळ पाटे घातल्यासारखं होतं. गाडी वर उठते, पण कमान जवळजवळ वाकेनाशी होते. शिवाय सगळे पाटे एकत्र वाकतात, आणि जो जाड असतो त्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. एक तर तो तुटतो, नाही तर शेजाऱ्याला तोडतो.

दुसरा हिशेब झोक्याचा. गाडीच्या वजनाने कमान १०० मिमी बसत असेल तर गाडी सेकंदाला दीडेक वेळा झुलते. अंगाला हे सुखाचं वाटतं. कमान ताठ होऊन ५० मिमीच बसू लागली तर झोके सव्वादोनच्या आसपास जातात आणि प्रत्येक दगड पाठीच्या मणक्यात कळतो. मागच्या उंच बाकावर एखादी साठीची बाई बसली असेल तर तिला हे चार तास सोसावं लागतं.

तिसरी गोष्ट चाकाची. नाला ओलांडताना एक चाक वर चढतं आणि दुसरं खड्ड्यात उतरतं. खड्ड्यातल्या चाकाला खाली लोंबता आलं नाही तर ते हवेत राहतं. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक नुसतं फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर पोचत नाही. फोर-व्हील ड्राइव्ह टाकली तरी पुढे एक आणि मागे एक अशी दोन चाकं हवेत गेली की गाडी जागीच अडते. म्हणून रानातल्या गाडीसाठी कमान मऊ, लांब आणि दोन्ही दिशांना मोकळी लागते.

मालक म्हणाले, "म्हणजे उंच नाही करत?"

"मूळ उंचीवर आणतो," मी म्हणालो. "भरल्यावर टेकणार नाही, रिकामी असताना उड्या मारणार नाही. याच्या वर नेत नाही."

ठरलं ते असं. तुटलेल्या पाट्याच्या जागी नवा. सगळ्या पाट्यांना नव्याने बाक. मुख्य पाट्याखाली ५ मिमीचा एक लांब पाटा जास्तीचा. आणि सर्वांत खाली जवळजवळ सपाट असा आखूड, जाडसर भारपाटा. रिकाम्या गाडीत या भारपाट्याची टोकं वरच्या पाट्याला शिवत नाहीत. सहा जण बसून कमान खाली आली की तो टेकतो आणि तिथून पुढचा भार उचलतो. एकाच कमानीत दोन ताठपणे मिळतात. दोन माणसांना घेऊन गेटपर्यंत जाणं आणि आठ जणांना घेऊन नाला ओलांडणं, ही दोन्ही कामं एकाच गाडीला करायची असल्यामुळे आम्ही हा मार्ग घेतो.

९.००

भट्टी. दिवसातला सर्वांत जबाबदारीचा तास.

रस्त्याकडेच्या पुष्कळ दुकानांत पाटा लाल करतात, घणाने बाक देतात आणि तसाच हवेत थंड होऊ देतात. त्या पाट्याचं पाणी उतरलेलं असतं. तो मऊ पडतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सपाट होतो. मग गाडीवाला म्हणतो, पाट्यांत दम नाही. दम पोलादात असतो, तो आगीने काढून घेतलेला असतो.

कमानीचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोम-व्हॅनेडियमचं. ते ८५० ते ९०० अंशांच्या दरम्यान तापवायचं. काका रंगावरून सांगतात आणि मी पायरोमीटरवर पाहतो. दोघांचं जुळलं की पाटा बाहेर काढतो. चुंबकही जवळ असतो. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला धरेनासं होतं, त्यामुळे पाटा अजून कच्चा आहे का ते लगेच कळतं. फार वेळ उघड्या ज्वाळेत ठेवला तर वरच्या थरातलं कार्बन जळतं आणि पृष्ठभाग दुबळा होतो. तडे पृष्ठभागावरच सुरू होतात, म्हणून ही घाई आणि हा धीर दोन्ही सांभाळावे लागतात.

फरशीवर आधीच पूर्ण मापाची कमान खडूने आखून ठेवली होती. तापलेला पाटा साच्यावर दाबून त्या रेघेवर आणला आणि सरळ तेलात सोडला. पाण्यात नाही. पाणी इतक्या वेगाने थंड करतं की हे पोलाद तडकू शकतं.

तेलातून निघालेला पाटा कडक असतो, पण काचेसारखा ठिसूळ. या अवस्थेत तो फरशीवर आपटला तर तुटू शकतो. पोरांना त्या वेळी बोलायचीही मुभा नसते. तेल पुसून पाटे दुसऱ्या, मंद भट्टीत गेले, ४५० ते ५०० अंशांवर. तिथे कडकपणा थोडा कमी होतो आणि चिवटपणा येतो. इथेच त्याला पाणी चढलं असं म्हणायचं.

आखूड पाट्याला लांब पाट्यापेक्षा जास्त बाक द्यायचा असतो. सुटे पाटे एकावर एक ठेवले की मध्ये बारीक फट दिसते. सेंटर बोल्ट आवळला की ती फट मिटते, आणि खालचे पाटे मुख्य पाट्याला आधीपासूनच खालून उचलून धरतात. मुख्य पाट्यालाच चाकाचा पुढचा-मागचा, आडवा आणि ब्रेकचा ओढाही सहन करायचा असतो, त्यामुळे त्याचा भार असा हलका करणं आवश्यक. सगळे पाटे एकसारखे वाकवणाऱ्याच्या हातून ही फट हरवते आणि मुख्य पाटा सर्वांत आधी तुटतो.

११.००

मंद भट्टी चालू असताना पुढच्या कमानी पाहिल्या. त्या धड होत्या. फक्त बुश फाटलेले. प्रेसवर जुने काढून नवे रबरी बसवले. पॉलियुरेथेनचे कडक बुश जास्त टिकतात, डांबरी रस्त्यावर स्टिअरिंगही नेमकं ठेवतात. पण कमान पिळली जाते तेव्हा रबर जितकं वळू देतं तितकं ते वळू देत नाहीत. रानातल्या गाडीला आम्ही रबर देतो आणि झिजलं की बदलायला सांगतो.

दुपारी १२.००

नागपूरहून एक तरुण गाडीवाला आला. त्याची जिप्सी हौसेची, चिखलात आणि दगडांत नेण्याची. फोनवर चित्र दाखवून म्हणाला, "दादा, पाटे हाउसिंगच्या वर घ्यायचे. असंच पाहिजे."

जिप्सीची कमान हाउसिंगखालून काढून वर बसवली की गाडी साधारण पाच इंच उठते. जगभर या गाडीवर हा बदल होतो आणि मोठी चाकं लावायची तर तो सोयीचाही आहे. पण त्याच्यापाठोपाठ कामांची रांग लागते, ती मी त्याला कागदावर लिहून दिली.

हाउसिंगवर कमान टेकवायच्या नव्या गाद्या वेल्ड कराव्या लागतात, आणि त्या नेमक्या कोनात. जिप्सीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला, त्यामुळे शाफ्ट आखूड. उंची वाढली की त्यांचा कोन झपाट्याने वाढतो आणि त्यांच्या सांध्यांतले क्रॉस खराब होतात. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरकी होते, मग खड्ड्यात चाक वर गेलं की हातातलं स्टिअरिंग न फिरवता गाडी वळते. ब्रेकचे होज पाइप आखूड पडतात. कमानीवरची पकड हाउसिंगपासून वर गेल्यामुळे जोर लावताच हाउसिंग जास्त पिळतं, कमानीला 'एस' असा बाक येतो, आणि ते थांबवायला वेगळा दांडा लावावा लागतो.

तोलही बदलतो. जिप्सीच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर १३१० मिमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंमीवर आहे असं उदाहरणादाखल धरलं, तर कागदावर ती ४५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत टिकते. तोच मध्य १० सेंमी वर गेला की ४१ अंशांवर कलंडते. कमानी आणि टायर दबल्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून कमी निघतात.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी बांधलेल्या गाड्या ट्रेलरवर चढवून नेतात, ते उगाच नाही. स्पर्धेचं बांधकाम स्पर्धेच्या जागी शोभतं. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही ते करत नाही. तरुणाला वाईट वाटलं, पण कागद त्याने खिशात घातला आणि बुश बदलून घेतले.

१.००

जेवण आणि सावली. या वेळेला पत्र्याखाली उभं राहवत नाही. डबे उघडल्यावर बोलणं पुन्हा गाड्यांवरच येतं. १९८५ साली आलेली जिप्सी सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी बंद होऊन काही वर्षं झाली. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला कॉइल आहेत. कॉइल फक्त भार उचलते. चाक जागेवर धरायला तिला वेगळे दांडे लागतात. कमान भार उचलते, हाउसिंग जागेवर धरते, ब्रेकचा पीळ सोसते आणि पाट्यांच्या घर्षणाने थोडा झोकाही जिरवते. इतकी कामं एकटी करते म्हणून तिच्यातला एक बदल चार ठिकाणी जाणवतो. आणि म्हणूनच भट्टी, प्रेस आणि टेप असलेल्या गावात ती दुरुस्त होऊ शकते.

२.३०

पाटे निवले होते. प्रत्येकावर कानस फिरवून पाहिली. कानस पाट्यावर अगदी घसरली नाही, खोल खाल्लीही नाही. पृष्ठभाग गुळगुळीत करून कडा घासल्या, कारण तडा कडेच्या ओरखड्यातूनच सुरू होतो. ग्रीस लावलं नाही. ताडोबाच्या वाटांवरची धूळ ग्रीसला चिकटली की पाटे एकमेकांना खातात. त्याऐवजी कोरडं ग्रॅफाइट लावलं, आणि प्रत्येक पाट्याच्या टोकाखाली नायलॉनची पातळ पट्टी. टोकं सहज सरकली की लहान धक्केही कमान गिळते.

क्लिपा जुन्या, ठोकून घट्ट केलेल्या होत्या. त्यांच्या जागी बोल्टच्या सैलसर क्लिपा लावल्या. चाक खाली लोंबताना पाटे थोडे उघडले पाहिजेत, पण आडवे सरकता कामा नयेत. क्लिपेचं काम एवढंच.

बांधलेली कमान प्रेसखाली घेऊन पूर्ण भारापर्यंत काही वेळा दाबली. नव्याने बाक दिलेली कमान सुरुवातीला थोडी बसतेच. ती इथेच बसवून घेतली तर रस्त्यावर उंची बदलत नाही. मग दोन्ही डोळ्यांत दोरी ताणून मध्ये बाकाची उंची मोजली. डावी-उजवी जुळली.

४.००

कमानी चढवल्या. बाक जास्त दिला की डोळ्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर कमी होतं आणि शॅकल उभा किंवा उलटा तिरपा होतो. तसं झालं की कमानीला लांब व्हायला जागा उरत नाही आणि गाडी आपटते. आमचा शॅकल खालच्या टोकाने किंचित मागे झुकलेला होता, हवा तसा.

"मग लांब शॅकल का नाही लावत?" मालकांनी विचारलं. ते सर्वांत स्वस्त आहे, हे खरं. शॅकल दोन इंच लांब केला की गाडी साधारण एक इंच उठते, कारण उचल फक्त एका टोकाला मिळते. पण मागे तो हाउसिंगचं नाक वर फिरवतो, आणि पुढे लावला तर चाकाचा कॅस्टर कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटते. ते सुधारायला कमान आणि गादी यांच्यामध्ये पाचर घालावी लागते. बाकानेच काम भागत असेल तर शॅकल मूळचा ठेवावा.

नवे यू-बोल्ट आडव्या क्रमाने थोडे थोडे आवळले. शॅकलचे आणि पुढच्या टोकाचे बोल्ट मात्र हातानेच लावून ठेवले.

५.००

पोराने विचारलं, "हे कधी आवळायचे?"

गाडी घोड्यांवरून उतरवून चारही चाकांवर उभी राहिल्यावर. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच बुश पीळ घेऊन बसतो आणि लवकर फाटतो. सकाळी काढलेले बुश असेच फाटले होते. दोन जणांनी गाडी मागे-पुढे ढकलली, मागून दाबून हलवली, मग बोल्ट आवळले.

नंतर कोनमापक घेऊन मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फ्लँज पाहिले. ते समांतर असले की एका क्रॉसची चढउतार दुसरा भरून काढतो आणि थरथर होत नाही. समांतर होते; पाचर लागली नाही. चाक पुरतं खाली सोडून ब्रेकचा होज ताणत नाही ना, शॉकॲब्सॉर्बर त्याच्या टोकाला अडकत नाही ना, हे पाहिलं. पुरतं वर दाबल्यावर आधी बंप स्टॉप टेकतो का, तेही पाहिलं. शॉकॲब्सॉर्बरच आधी टेकला तर तो पहिल्याच नाल्यात मोडतो.

६.१५

पुन्हा सपाट फरशी, पुन्हा टेप. सकाळी खडूने लिहिलेल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहिले. डावी-उजवी सारखी. पोती चढवल्यावर भारपाटा टेकला, टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा राहिली. मग गॅरेजमागच्या मातीच्या उंचवट्यावर पुढचं एक चाक चढवलं. त्याच बाजूचं मागचं चाक लोंबलं आणि जमिनीला धरून राहिलं. सकाळी तेच चाक हवेत फिरलं असतं.

पद्मापूरच्या दिशेने एक फेरी मारून दादा परत आले. "आता डोलते भाऊ, आपटत नाही," म्हणाले. डोलणं थोडं जास्त वाटलं तर शॉकॲब्सॉर्बर बदलावे लागतील, हे त्यांना सांगितलं. कमान झोका देते, तो थांबवणं शॉकॲब्सॉर्बरचं काम.

७.३०

बिलाच्या मागे मी प्रत्येकाला काही गोष्टी लिहून देतो, आणि त्या इथे वाचणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्यासाठीही आहेत. काम झाल्यावर ५०० किलोमीटरनी यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. सुरुवातीला ते सैल पडतातच. कमानीजवळ वेल्डिंग करू देऊ नका, वेल्डिंगचा एक थेंब पाट्यावर पडला तरी तिथे तडा सुरू होतो. बाक द्यायला कुणाकडे गाडी नेली तर त्याला विचारा, पाटा कशात थंड करता आणि नंतर पुन्हा किती तापवता. या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे नसतील तर गाडी परत आणा. उंची वाढवण्याआधी भरल्या गाडीचं माप घ्या. आणि दर मंगळवारी दहा मिनिटं पाना घेऊन गाडीखाली जा. तुमच्या मागे बसलेल्या सहा जणांची पाठ त्या दहा मिनिटांवर अवलंबून आहे.